मागं मोकळं पाहिजे

शिंगाडे आले की माझी चिडचिड सुरू होते. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि आता कुणी कारण विचारत नाही. गणपती गेले की नागपुरात बर्डीच्या बाजारात हातगाड्या लागतात. उकडलेल्या काळ्या शिंगाड्यांचा ढीग, त्यावर ओलं फडकं, आणि चिखल, धूर आणि पिठूळ गोडी अशा तिन्हींचा मिळून एक वास. एखाद्या वासानं माणसाचे डोळे भरून येतात म्हणे. मला राग येतो. आधी गाडीवाल्याचा, मग आश्विनातल्या त्या चिकट उन्हाचा, मग यांचा, आणि शेवटी घरी येऊन चपला काढताना माझा.

यंदा त्यात बोरकरांची भर पडली. बोरकर म्हणजे रेल्वे कॉलनीत आमच्याच रांगेत नव्याने राहायला आलेले गुड्स क्लार्क. सज्जन माणूस. त्यांच्या जावयानं कॅनडाहून मासे धरायची काठी पाठवली आहे. परवा संध्याकाळी ते ती लांबलचक काठी घेऊनच आमच्या दारात उभे. दाराच्या चौकटीला एकदा, पंख्याला एकदा अशी ती आदळून झाल्यावर म्हणाले, "वहिनी, जवळपास पायी जाता येईल असं एखादं पाणी आहे का हो? मी अगदी नवशिका आहे. मासा मिळालाच पाहिजे असं नाही. फक्त मागे झाडबीड नको. मागं मोकळं पाहिजे."

हे पेपर वाचत होते. पेपर खाली आला नाही. पण पान उलटायचं थांबलं.

मी म्हटलं, "आधी चहा घ्या." आणि स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा शोधत उभी राहिले. डबा समोरच होता.

हाच प्रश्न घेऊन आम्ही दोघं एक अख्खा हंगाम नागपूरभर वणवण फिरलो होतो. सत्तर सालची गोष्ट. हे तेव्हा वाफेच्या इंजिनावर फायरमन होते. उन्हाळ्यात यार्डात इंजिनावरून उतरताना पाय सटकला आणि उजवं मनगट अंगाखाली आलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात दिसायला शाबूत होता, पण पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकावं तसं मनगट अडकून बसलं होतं. रेल्वेच्या डॉक्टरांनी सांगितलं, दिवाळीच्या तोंडावर मेडिकल होईल. मनगट चाललं तर पुन्हा इंजिनावर, पुढे ड्रायव्हरकी. नाही चाललं तर शेडमध्ये हलकं काम, कायमचं. 'हलकं काम' हे शब्द यांनी घरी येऊन मला सांगितले ते भातात खडा लागल्यावर तो बाजूला काढून ठेवावा तसे.

मनगटाला व्यायाम म्हणून रबरी चेंडू दाबायला दिला होता. तो शेजारच्या कुत्र्यानं पळवला. दुसरा आणला, तो यांनीच फेकून दिला. "मी काय लहान पोट्टा हाय का वं, चेंडू खेळाले?" मग पीटरसाहेब आले. मेल गाडीचे निवृत्त ड्रायव्हर, लेकीकडे ऑस्ट्रेलियाला कायमचे निघालेले. हे त्यांच्या हाताखाली कोळसा मारून तयार झालेले. सामान वाटून टाकता टाकता त्यांनी आपली काठी यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "चेंडू छोडो. ये घुमाओ. कलाई खुल जाएगी."

या काठीचा प्रकार मला तेव्हा कळला नाही आणि खरं सांगायचं तर पटला कधीच नाही. गळाला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. पिसं बांधून केलेली खोटी माशी. ती इतकी हलकी की भिरकावून पाण्यात पोचायची नाही; तिला न्यायची ती जाड दोरीनं. त्यासाठी दोरी आधी आपल्या पाठीमागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची, आणि मग पुढे सोडायची. पीटरसाहेबांनी कॉलनीच्या मैदानावर एकदा करून दाखवलं. कोटाची बटणं लावून, टाय बांधून. "सामने घड़ी समझो. दस पे उठाओ, एक पे रोको. और पीछे देखो, बाबू, पीछे! पीछे खुला नहीं, तो आगे कुछ नहीं जाएगा." आठवड्याभरात ते गेले. काठी, रीळ आणि माश्यांची एक पत्र्याची डबी एवढं मागे राहिलं.

यांचा हात दहावरून उठायचा आणि अकरावर अडायचा. रोज संध्याकाळी जेवताना मी विचारायची, "आज किती वाजले?" "अकरा." कधी फार आनंदात, "सव्वाअकरा." त्या घड्याळात एक वाजला की मनगट सुटलं, असा आमचा हिशोब होता.

कॉलनीच्या मैदानावर का नाही? कारण तिथं माणसं जमायची. आणि गवतावर दोरी फेकणाऱ्या माणसाला नागपुरात कुणी सुखानं जगू देत नाही. "काय भाऊ, पतंग का?" पाणी पाहिजेच होतं. ते पायी जाता येईल असं पाहिजे होतं, कारण सायकलचं हँडल यांना धरवत नव्हतं आणि सिटी बसचा कंडक्टर काठी पाहूनच घंटी मारायचा. आणि मी पाहिजेच होते, कारण ती चिलटाएवढी माशी दोरीला बांधणं त्या बोटांना जमत नव्हतं. माझी मनपाची शाळा सकाळची. दुपारी वह्या तपासायच्या सोडून मी नवऱ्यामागे डबी घेऊन चालत होते.

शुक्रवारी नावाच्या तलावावर पहिल्याच दिवशी मागे फेकलेली माशी एका म्हाताऱ्याच्या टोपीत अडकली. दोरी पुढे आली ती टोपी घेऊनच. म्हाताऱ्याला वाटलं चेष्टा केली. समजूत घालायला फुटाणे घेऊन दिले, तोवर कठड्यावर ही गर्दी. "मासा भेटला का?" "टोपी भेटली." दुसऱ्या दिवशी पाण्यात काहीतरी जड लागलं. यांचा चेहरा असा उजळला की मीही देवाचं नाव घेतलं. ओढून पाहतो तर विसर्जनाच्या गणपतीचा पेंढ्याचा सांगाडा. गळ सोडवताना यांनी त्याला हात जोडले. मी जोडले नाहीत, इतकी वैतागले होते.

सक्करदऱ्याच्या तळ्यावर धुणी वाळत होती. अंबाझरीपर्यंत चालत गेलो, माझ्या चपलेचा अंगठा तुटला, आणि पोचल्यावर पहारेकरी म्हणाला, "परमिट?" हे म्हणाले, "मी मासे पकडत नाही, हात फिरवून राहिलो." तो म्हणाला, "मंग घरी फिरवा ना." फुटाळ्याला मागे बाभळी. पीटरसाहेबांच्या डबीतल्या माश्या एकेक करून त्या बाभळींवर गेल्या. लांबून पाहिलं तर झाडाला फुलं आल्यासारखी दिसायची. मग कोंबडेवाल्याकडून मानेची पिसं आणून शिवणाच्या दोऱ्यानं मीच माश्या बांधायला लागले. तो कोंबडेवाला रोज विचारायचा, "बाई, कोंबडं सोडून पिसंच नेऊन राहिल्या? शाळेचा पगार झाला नाही का?"

आता सोळा-सतरा वर्षांनी हे सांगताना हसू येतं, असं लिहायची पद्धत आहे. मला येत नाही. ते दिवस आठवले की मला पायांतली आग आठवते. घामानं चिकटलेलं ब्लाउज, आणि प्रत्येक तळ्यावर यांनी मागे वळून पाहावं, जागा बघावी, आणि माझ्याकडे न बघता म्हणावं, "नाही जमत वं. दुसरीकडे पाहू." दुसरीकडे, दुसरीकडे. एकदा मी भर रस्त्यात ओरडले, "अख्ख्या नागपुरात तुमच्या मागे मोकळं असेल अशी एक जागा नाही का हो?" यांनी काठी दुसऱ्या खांद्यावर घेतली. मग म्हणाले, "असन. पाहू." आणि चालू लागले.

जागा होती. ती कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

आता जिथं मनीषनगर वसतंय, लेआउटचे दगड रोवलेत, तिथं तेव्हा नुसती शेतं होती. आमच्या अजनीच्या कॉलनीतून रूळ ओलांडले की बांधावरून सरळ वाट. त्या वाटेच्या टोकाला एक बोडी आहे. बोडी म्हणजे लहान तळं. उंच पाळ, पाळीवर गवत, मागे धानाची बांधी, आणि एक झाड नाही. पाण्यावर शिंगाड्याचे वेल पसरलेले असतात, पण पाळीलगत डोंगा फिरवायला एक पट्टा मोकळा ठेवतात. नवशिक्याला यापरती जागा देवानंही काढून दिली नसती. तिला लोक ढिवराची बोडी म्हणतात. तो ढिवर, म्हणजे मासे धरणारा कोळी, माझा बाप. तेव्हा तो नव्हता. माझा धाकटा भाऊ गुलाब ती बोडी सांभाळत होता.

ढिवर तर हेही. पण यांच्या आजोबांनी जाळं खुंटीला टांगून रेल्वे धरली, आणि तेव्हापासून त्या घरात मासा म्हणजे बाजारातून येणारी वस्तू. कॉलनीत आम्ही 'रेल्वेवाले' होतो आणि मी 'मास्तरीणबाई'. कोण कुठले हे तिथं कुणी विचारत नाही, असं मी म्हणत असे. विचारत सगळेच. मी 'माहेर खेड्यावर, शेती आहे' असं सांगून ठेवलं होतं. पाण्यातली शेती, हे सांगितलं नव्हतं.

गुलाब मला मासे द्यायला यायचा. ओल्या पळसाच्या पानात गुंडाळून, मागच्या दारानं. एकदा समोरच्या टीसीणबाईंनी पाहिलं आणि विचारलं, "तुमचा मासेवाला का हो? आम्हाला पण सांगा ना." मी हो म्हटलं. एवढंच. एक 'हो'. दुसऱ्या दिवसापासून गुलाब पुढच्या दारानं येऊ लागला, टोपली घेऊन, आणि आमच्या रांगेतल्या निम्म्या घरांचा मासेवाला झाला. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. त्यानं एका नजरेत ओळखलं आणि असं काही सोंग वठवलं की बघत राहावं. माझ्या दारात येऊन खणखणीत आवाजात, "मास्तरीणबाई! मरळ हाय आज, पाहून घ्या!" मी भाव विचारायची. तो सांगायचा. मी म्हणायची, फार होतात. तो म्हणायचा, "तुमच्यासारख्या शिकल्यासवरल्या बाया असा भाव करन त गरिबानं जावाव कुठं?" टीसीणबाई हसायच्या. मग त्या आत गेल्या की तो हळूच म्हणायचा, "ताई, माय विचारून राहिली होती, जवाईबापूचा हात कसा हाय?" मी म्हणायची, "बरा आहे. तू जा." सख्ख्या भावाशी दारात माशांचा भाव केला मी. वर्षभर. आणि मला वाटायचं, आम्ही दोघं मिळून एक गंमत करतो आहोत.

मेडिकल जवळ आलं होतं. घड्याळ साडेअकराच्या पुढे सरकत नव्हतं. गुलाब दारात टोपली घेऊन बसला होता, टीसीणबाई रोहू निवडत होत्या, आणि हे काठी घेऊन बाहेर पडत होते. गुलाबनं काठीकडे पाहिलं. त्याला हसू आवरेना.

"साहेब, हे काय हाय?"

"मासे पकडाची काठी."

"अन् आमिष?"

यांनी माशी दाखवली. गुलाबनं ती तळहातावर घेतली. "पिसाची माशी! मासे खाते का हे?"

"विलायतेतले खाते म्हणे."

"मंग विलायतेतले मासे भेटत नाही तोवर फिरा." मग तो एकदम गंभीर झाला. यांच्या मनगटाकडे बघत म्हणाला, "साहेब, आमच्या बोडीवर या ना. पाळ मोकळी हाय. मांगं एक झाड नाही. दिवसभर फिरवा हात, कोणी हटकत नाही. मास्तरीणबाई, सांगा ना साहेबाले."

टीसीणबाईंनी मान वर केली. "कुठं आहे हो तुमची बोडी?"

मी घाईघाईनं म्हटलं, "नको. घाण असतं ते पाणी. त्या असल्या जागी आम्हाला नाही जायचं."

गुलाबच्या हातात तेव्हा तराजू होता. त्यानं त्याचा काटा स्थिर होऊ दिला. मग म्हणाला, "बरं बाई." तेच पाणी पिऊन आम्ही दोघं मोठे झालो होतो.

मी यांच्याकडे पाहिलं नाही. यांनी काठी खांद्यावर टाकली. "चाल, सक्करदऱ्याले जाऊ. आज धुणी नसतीन." धुणी होती.

मेडिकलमध्ये हे पास झाले नाहीत, म्हणजे हात पास झाला नाही. डॉक्टरांनी मनगट वळवायला सांगितलं, ते जिथं अडायचं तिथं अडलं. शेडमध्ये दिव्यांच्या खोलीत काम मिळालं. कंदील पुसायचे, वाती कापायच्या, तेल भरायचं. इंजिनाच्या शिट्टीवरून हे अजूनही सांगतात कोणतं इंजिन आहे. मी विचारलं नाही तरी सांगतात.

दिवाळीत भाऊबीजेला गुलाब येईना. मग यांनीच सकाळी कपडे घातले आणि काठी घेतली. मी म्हटलं, "आता काठी कशाला?" म्हणाले, "चाल त खरी." रूळ ओलांडले, बांधावरून वाट धरली. माझे पाय त्या वाटेवर यांच्यापुढे चालत होते, त्यांना वाट दाखवावी लागत नव्हती. गुलाब डोंग्यात होता, शिंगाडे तोडत, कमरेपर्यंत चिखलानं माखलेला. आम्हाला पाळीवर पाहून उभा राहिला आणि डोंगा असा हलला की पडतापडता वाचला. माय घरातून नुसती "आली काहून वं? आली काहून?" करत आली. आनंद झाला की तिला दुसरं काही बोलता येत नसे.

हे पाळीवर उभे राहिले. मागे वळून पाहिलं. पिवळं धान, आणि त्यावर नुसतं आभाळ. काठी उचलली. दोरी मागे गेली आणि जात राहिली, कशालाच न अडता. कोणाची टोपी नाही, धुणी नाही, बाभळी नाही. यांच्या हातून ती दोरी हवेत पूर्ण उलगडलेली मी पहिल्यांदा पाहिली. मग ती यांच्या डोक्यावरून पुढे आली आणि माशी वेलींच्या कडेला पाण्यावर टेकली. पुन्हा. आणि पुन्हा. गुलाब डोंग्यातून ओरडला, "वा जवाईबापू! ढिवराचं पोट्टं पाण्यावर आलं एकडाव!" सूर्य डोक्यावर येईपर्यंत हे हात फिरवत होते. चार दिवस रोज गेलो. पाचव्या दिवशी यांनी मला हाक मारली.

"पाह्य वं. एक वाजला."

काठी खरंच एकवर थांबली होती. मनगट सुटलं होतं. हलक्या कामाचा कागद होऊन आठवडा उलटला होता.

आधी आलो असतो तर सुटलं असतं का, हे मी नंतर एका डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. माणसाला शिक्षा सुनावली तर ती भोगून संपवता येते. 'सांगता येत नाही' याचं काय करायचं?

त्या संध्याकाळी परत येताना मी धीर करून म्हटलं, "तुम्हाला ही जागा आठवलीच नाही का हो इतके दिवस?"

हे दोन पावलं पुढे होते. वळले नाहीत. "आपली वरात याच पाळीवरून गेली होती वं," म्हणाले. "बँडवाला पाण्यात पडता पडता राहिला. इसरन कसा मी?"

मग अंबाझरी कशाला, सक्करदरा कशाला, त्या फुटाळ्याच्या बाभळी कशाला, हे मी विचारलं नाही. उत्तर मला ठाऊक होतं. माझ्या तोंडून ती जागा निघायची वाट हे पाहत होते. ड्रायव्हरकी जाऊ दिली, पण मला विचारलं नाही. मला याचाही राग येतो. एकदा ओरडले असते, हाताला धरून नेलं असतं, तर आज मला निदान भांडायला जागा राहिली असती. या चांगल्या माणसांशी भांडता येत नाही हीच त्यांची सगळ्यात मोठी कटकट.

आणि एवढं होऊनही मी कॉलनीत काही सांगितलं नाही. टीसीणबाई बदलून गेल्या, त्यांच्यानंतरच्या आल्या, त्याही गेल्या. गुलाबनं टोपली बंद केली. आता तो शिंगाडे गाड्यांवर घाऊक देतो. बर्डीवरचा तो ढीग असतो त्यात आमच्या बोडीचे किती, हे मला शिंगाड्याच्या सालीवरून कळतं. तरी मी भाव विचारून, पुडा बांधून घेऊन येते. सवय.

तर परवा चहाचे कप घेऊन मी बाहेर आले. बोरकर काठी पायाशी आडवी ठेवून बसले होते. यांचा पेपर अजून तिथंच. मी कप ठेवले. बोरकर म्हणाले, "आठवलं का वहिनी एखादं पाणी?"

मी म्हटलं, "रूळ ओलांडून मनीषनगरच्या बाजूला एक बोडी आहे. अर्धी लेआउटवाल्यांनी बुजवत आणलीय, पण पाळ आहे अजून. मागं मोकळं आहे. ढिवराची बोडी म्हणतात तिला. गुलाब आहे का विचारा. तो माझा भाऊ. सख्खा."

बोरकरांना यात विशेष काही वाटलं नाही. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली. इतकी वर्षं ज्याच्यावर धोंडा ठेवून बसले होते ते ऐकून त्या माणसानं चहावर फुंकर घातली! मला हसावं की कप आदळावा कळेना.

"अरे वा," ते म्हणाले. "पण पायी किती लांब पडेल?"

मी तोंड उघडलं, पण पेपरमागून आवाज आला.

"तशी जवळच हाय," हे म्हणाले, आणि पान उलटलं. "आमालेच येळ लागला."